संस्थापकांचा पुतळा आणि कपाटातल्या खतावण्या

प्रश्न : मी एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. पुढच्या वर्षी संस्थेला शंभर वर्षं होतात. दारातच संस्थापकांचा अर्धपुतळा आहे, खाली नाव आणि ‘दानशूर’ एवढंच कोरलेलं. शताब्दीनिमित्त तिथे नीट माहितीफलक लावायचं ठरलं आणि मजकुराचं काम माझ्याकडे आलं. जुनं दप्तर चाळताना त्यांच्या घरून कधीतरी आलेल्या दोन खतावण्या सापडल्या. ते सावकारी करत हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुष्काळाच्या लागोपाठ दोन वर्षांत अकरा कुटुंबांच्या गहाण जमिनी त्यांच्या नावावर झाल्या आणि त्यानंतर तीन वर्षांनी वाचनालयाला देणगी मिळाली, हे कुणी कधी बोललं नव्हतं. त्यातल्या काही कुटुंबांचे वारस आज आमचे सभासद आहेत.

कार्यकारिणीत मी हे मांडलं आणि तिथून बिनसलं. संस्थापकांचे नातू विश्वस्त आहेत. त्यांचं म्हणणं, शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार, त्या काळी सगळेच तसे होते. तरुण सभासदांना पुतळाच नको आहे. कुणीतरी एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि दोन दिवसांत अकराची साठ कुटुंबं झाली. निवडणूक तोंडावर आहे. एक उमेदवार पुतळ्याला हार घालायला येतो म्हणतोय, दुसरा ‘लुटीचं स्मारक’ म्हणत सभा घेतोय. फलकावर मी काय लिहू? की काहीच लिहू नये?
— एक कार्यवाह

उत्तर : नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : लिहा. पण मजकुराला हात घालण्यापूर्वी एक काम याच आठवड्यात उरका. दोन्ही खतावण्यांचं पानन् पान स्कॅन करून घ्या. एक प्रत संस्थेबाहेर ठेवा, एखाद्या अभिलेखागारात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात. मूळ वह्या कुलपात जाऊ देत आणि त्या कुलपाला दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असू देत. असा वाद पेटला की सगळ्यात आधी कागद जातो. तो जाळावाच लागतो असं नाही. ‘बाइंडिंगला दिलाय’ म्हणून नेतात आणि तो परत येत नाही.

आता पुतळ्याकडे येऊ. तुमच्या पत्रात बरंच आहे, पण मला जे सगळ्यात आधी हवं होतं तेच नाही : हा पुतळा बसवला कधी आणि कुणी? इतिवृत्तात ठराव सापडेल, सूचक-अनुमोदकाच्या नावांसकट. वर्गणी कुणी दिली तेही असेल. तो ठराव शोधा, कारण पुतळा ज्याचा असतो त्याच्याइतकाच तो बसवणाऱ्यांचाही असतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रकरणाशी ते फार जुळतं. एडवर्ड कोल्स्टन हा तिथला मोठा दाता. शाळा, रुग्णालयं, वृद्धांसाठी घरं, सगळीकडे त्याचा पैसा. तो १७२१ साली वारला. पुतळा बसला १८९५ साली, म्हणजे तब्बल १७४ वर्षांनी. वर्गणीसुद्धा धड जमत नव्हती. तरी चौथऱ्यावर शब्द कोरले गेले की शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एकाचं हे स्मारक. कोल्स्टन ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा पदाधिकारी होता तिने त्याच्या काळात सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून जहाजांत भरून नेलं आणि त्यातली सुमारे १९ हजार वाटेतच मेली, याचा चौथऱ्यावर उल्लेखही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शहरातल्या वजनदार मंडळींना एक आदर्श दाता हवा होता, तो त्यांनी घडवून घेतला.

पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. २०१८ साली तिथल्या नगरपरिषदेने दुसरा, खुलासा करणारा फलक लावायचं ठरवलं. मसुदा झाला आणि शब्दांवरून घासाघीस सुरू झाली. गुलामांचा आकडा घालायचा की नाही, लहान मुलांचा उल्लेख असावा की नाही, दानधर्म आधी की व्यापार आधी. एकाने वाक्य घालायचं, दुसऱ्याने खोडायचं. शेवटी फलक ओतून तयार झाला, तेव्हा महापौरांनी २०१९च्या मार्चमध्ये तो मजकूर मान्य नाही म्हणून थांबवला. नवा मजकूर काही ठरला नाही. ७ जून २०२० रोजी जमावाने दोर लावून पुतळा पाडला, रस्त्यावरून फरफटत नेला आणि बंदरात ढकलला. फलक वेळेवर लागला असता तर पुतळा वाचला असता असा माझा दावा नाही. पण लोकांनी वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या आणि हाती काही आलं नाही, हेही तितकंच खरं. चांगला मजकूर शोधता शोधता कोणताच मजकूर न लावणं, हा धोका तुमच्या कार्यकारिणीलाही आहे. तारीख ठरवा आणि त्या तारखेला जो मजकूर मंजूर असेल तो लावा.

नातवांच्या ‘त्या काळी सगळेच तसे होते’ला काय उत्तर द्यायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सभेत लागेल. कोल्स्टन १६८० ते १६९२ या काळात त्या कंपनीत होता. त्याच सुमारास, १६८८ साली, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथल्या चार साध्या माणसांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. म्हणजे ‘तो काळ’ एकमुखी नव्हता. आणि तुमच्याकडे तर उत्तर त्याहून जवळ आहे. ‘सगळे’ म्हटलं की त्यात ज्यांची जमीन गेली ती अकरा कुटुंबंही येतात. ती त्याच काळात जगत होती आणि तेव्हाही त्यांना हे योग्य वाटलं नसणार.

तरुण सभासदांचीही एक बाजू तपासून घ्या. पुतळा काढला की इतिहास पुसला जातो, असं एक बाजू म्हणते. पुतळा काढला की अन्याय धुतला जातो, असं दुसरी. दोन्ही बाजू पुतळ्याला फारच मोठा मान देतात. मुंबईत ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड घोड्यावर बसून होता. १९६५ साली त्याला तिथून हलवून भायखळ्याच्या बागेत नेलं. लोक आजही त्या भागाला काळा घोडाच म्हणतात. २०१७ साली तिथे नवा घोडा उभा राहिला, पण पाठीवर स्वार नसलेला. साहेबी राज्याचा इतिहास त्यामुळे कुणी विसरलेलं नाही. पुतळा हा सन्मान असतो. तो कुणाला द्यायचा, किती वर्षं द्यायचा, हा आजच्या सभासदांचा निर्णय आहे आणि तो बदलता येतो. खतावणीतली नोंद मात्र कुणाच्या मतदानाने बदलत नाही. तुमच्या सभेत हे दोन विषय वेगळ्या दिवशी घ्या. आधी नोंद : काय घडलं, काय नक्की माहीत आहे. मग सन्मान : पुतळा दारात, आत, की आणखी कुठे. दोन्ही एकाच बैठकीत घेतलेत तर ज्याला पुतळा हवा तो नोंद नाकारेल आणि ज्याला नको तो नोंद फुगवेल. अकराची साठ झाली ती अशीच.

नोंदीवर थोडं थांबते, कारण इथेच बहुतेक लोक घाई करतात. खतावणी सावकाराने लिहिलेली आहे. मुद्दल किती, व्याज किती, मुदत कधी टळली, जमीन कधी नावावर झाली, हे त्यात मिळेल. कर्ज का काढलं, मुदत वाढवून मागितली होती का, जमीन गेल्यावर माणसं कुठे गेली, यातलं त्यात काहीच नसेल. ते दुसरीकडे शोधावं लागेल. महसुलाच्या जुन्या फेरफार नोंदी काढा आणि खतावणीशी ताडून पाहा. अकरापैकी एखादी जमीन पुढे परतही गेली असेल. कुणी कोर्टात गेलं असेल तर निकालपत्र असेल. आणि त्या कुटुंबांकडे जा. घराघरात काहीतरी सांगितलं गेलेलं असतं. ते शब्दशः खरं असेलच असं नाही, पण काय आठवणीत राहिलं आणि काय गाळलं गेलं, हीदेखील माहितीच असते. ध्वनिमुद्रण करा, तारीख घाला आणि सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय बाहेर काढू नका.

देणगी आणि जमिनी यांच्यातल्या त्या तीन वर्षांचंही असंच. ‘हडपलेल्या जमिनींच्या पैशांतून वाचनालय उभं राहिलं’ हे वाक्य सभेत टाळ्या घेईल. पण तुमच्या खतावणीतून ते सिद्ध होतं का? जमीन विकून आलेली रक्कम आणि देणगीची रक्कम यांची सांगड कुठल्या पानावर आहे? नसेल, तर ते वाक्य लिहू नका. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवा आणि वाचणाऱ्याला विचार करू द्या. तुमचा मजकूर एका जरी शब्दात कागदाच्या पुढे गेला, तरी विरोधक तेवढा एकच शब्द पकडतील आणि बाकी सगळं त्याच्यासोबत उडवून लावतील.

मग मजकूर असा काही होईल :

‘या वाचनालयासाठी पहिली देणगी यांनी दिली. ते सावकारी करत. दुष्काळाच्या दोन वर्षांत अकरा कुटुंबांच्या गहाण जमिनी त्यांच्या मालकीच्या झाल्या, अशी नोंद त्यांच्याच खतावणीत आहे. वाचनालयाला देणगी त्यानंतर तीन वर्षांनी मिळाली. खतावणीची प्रत आत वाचायला मिळेल. हा मजकूर सर्वसाधारण सभेने मंजूर केला आहे.’

खाली सभेची तारीख. बस. दारातला फलक माणूस चालता चालता वाचतो. त्याच्यावर प्रबंध लिहू नये. विशेषणं तर अजिबात नकोत. ‘दानशूर’ नको आणि ‘लुटारू’ही नको. बाकीचं सगळं, दोन्ही बाजूंच्या आठवणी, फेरफार, नातवांचं म्हणणंसुद्धा, आत एका फाइलीत ठेवा आणि ती मागेल त्याला द्या.

तारखेचा आग्रह मी का धरते ते सांगते. कोरेगावचा जयस्तंभ कंपनी सरकारने उभारला तो १ जानेवारी १८१८च्या लढाईतल्या स्वतःच्या विजयासाठी. त्यावर कामी आलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यात महार शिपायांची बरीच. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि आज तो स्तंभ लाखो लोकांसाठी कंपनीचा विजय राहिलेला नाही, आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाची खूण आहे. कोरलेली नावं तीच आहेत. तुमचा फलकही पन्नास वर्षांनी कुणीतरी वेगळ्या नजरेने वाचणार आहे. त्याला हे कळायला हवं की हे कुणी, कधी, कशाच्या आधाराने लिहिलं. नवं काही सापडलं तर बदलण्याची तरतूद ठरावातच करून ठेवा.

अकरा कुटुंबांची नावं फलकावर घालावीत का? तुमच्या मनात हे असणारच. माझा कल ‘हो’कडे आहे. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फेडण्यासाठी मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ साली २७२ माणसं विकली होती. जवळपास पावणेदोनशे वर्षांनी विद्यापीठाने आपल्या एका इमारतीचं नाव बदललं. आधी ती विक्रीचा व्यवहार करणाऱ्या पाद्र्याच्या नावाने ओळखली जायची. २०१७ साली तिला आयझॅक हॉकिन्स हे नाव दिलं गेलं. विक्रीच्या दस्तऐवजात पहिलं नाव होतं ते त्याचं. ज्या कागदाने माणसाचा माल केला, त्याच कागदातून त्याचं नाव परत काढलं, हे मला फार नेमकं वाटतं.

पण त्या वारसांना आधी विचारा. जर्मनीत नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या माणसांच्या शेवटच्या घरापुढे, फूटपाथवर, दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन बसवतात. नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं, काय झालं. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ साली कोलोनमध्ये सुरुवात केली आणि युरोपभर असे एक लाखाहून जास्त चौकोन बसले आहेत. म्युनिक शहराने मात्र २००४ साली सार्वजनिक जागेत ते बसवायला नकार दिला. विरोध करणाऱ्यांत तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षाच होत्या. बळी गेलेल्यांची नावं पुन्हा लोकांच्या पायाखाली नकोत, हे त्यांचं म्हणणं. नंतर तिथे भिंतीवर आणि खांबांवर पाट्या लावायला सुरुवात झाली. तुमच्याकडेही एखादं कुटुंब म्हणेल, आमच्या पणजोबांची नामुष्की दारात टांगू नका. मग ते नाव नको. अकरापैकी सात नावं आणि ‘इतर चार कुटुंबं’ एवढं लिहूनही खरं सांगता येतं.

राहिले उमेदवार. इतिहास हाताशी धरणं त्यांच्या धंद्यातच येतं, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पण त्यांच्या भीतीने मजकूर पातळ करू नका. वॉशिंग्टनच्या हवाई संग्रहालयात हे घडलं आहे. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान १९९५ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, प्रदर्शनात मांडायचं होतं. आराखड्यात बॉम्ब टाकण्याच्या निर्णयाची चर्चा होती, जमिनीवर काय झालं तेही होतं. माजी सैनिकांच्या संघटना आणि संसद सदस्य तुटून पडले. मूळ प्रदर्शन रद्द झालं, पुढे संचालकांनी राजीनामा दिला आणि शेवटी मांडला तो विमानाचा पुढचा भाग, ज्यात इतिहासापेक्षा विमानाचीच माहिती जास्त. कुणाचाच रोष नको म्हणून फक्त तांत्रिक तपशील ठेवले, पण त्यानेही एक बाजू घेतली गेलीच. फलकावर नुसतं ‘जन्म, मृत्यू, देणगी’ लिहिलंत तर तुमच्याकडेही तेच होईल.

म्हणून वेळापत्रक असं लावा. निवडणूक होईपर्यंत पुतळ्याला हार नाही, पुतळ्यापुढे सभा नाही. दोन्ही उमेदवारांना एकाच मजकुराचं पत्र, एकाच दिवशी. पत्रात खतावणीतला अकराचा आकडा द्या आणि साठच्या आकड्याला कागदोपत्री आधार नाही हेही लिहा. तेच पत्र व्हॉट्सॲपवर स्वतः टाका, कुणी फोटो काढून टाकायची वाट पाहू नका. मतदानानंतर नोंदीवरची सभा. महिन्याभराने पुतळ्यावरची. फलक शताब्दीच्या दिवशी. अनावरणाला पुढारी नको. एकाच वेळी अकरापैकी एका घरातलं कुणीतरी आणि संस्थापकांच्या घरातलं कुणीतरी तयार झालं तर उत्तम. नाहीच झालं तर तुमच्या शिपायाकडून फलक लावून घ्या आणि दार उघडा.

पुतळ्याचं काय करावं हे मी मुद्दाम सांगत नाही, ते सभासदांनी ठरवायचं आहे. विचारलंतच तर माझं मत : आहे तिथेच राहू दे, ‘दानशूर’ या शब्दाच्या बरोबर शेजारी नवा फलक लावा. ब्रिस्टलमध्ये पुढे शहरवासीयांचं मत मागवलं, सुमारे १४ हजार लोकांनी कळवलं आणि तिथल्या बहुसंख्यांना पुतळा संग्रहालयात हवा होता. आता तो संग्रहालयात आडवा ठेवलाय, आंदोलकांनी अंगावर फासलेला रंग न पुसता. तुमच्या सभासदांचं मत काय ते मागवल्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक. वाचनालयाने त्या कुटुंबांसाठी काही करावं का, असा सूर निघेल. ग्लासगो विद्यापीठाने १७९२ साली गुलामव्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला होता, तरी त्या व्यापारातून कमावलेल्यांच्या देणग्याही घेतल्या होत्या. २०१८ साली त्यांनी स्वतःच त्याचा हिशेब करून अहवाल छापला आणि पुढच्या वर्षी वेस्ट इंडीज विद्यापीठाशी संशोधनाचा करार केला. आधी हिशेब, मग करार, हा क्रम मला पटतो. हिशेबाआधीच आजीव सभासदत्वाची खैरात केलीत तर ती तोंड बंद करण्यासाठी दिल्यासारखी दिसेल.

आणि सभेची नोटीस निघण्यापूर्वी संस्थापकांच्या नातवांना त्यांच्या घरी जाऊन भेटा. खतावणीची प्रत सोबत न्या. त्यांना ती एकट्याने, निवांत वाचायला एक दिवस द्या. त्यांनी जमिनी घेतलेल्या नाहीत आणि तुम्ही त्यांच्यावर तसा आरोपही करत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकणं त्यांना महत्त्वाचं वाटेल. भर सभेत पहिल्यांदा ऐकलं तर ते ऐकूच येणार नाही. त्यांच्याकडे आणखी वह्या असतील, पत्रं असतील. बोलणं थोडं सैल झालं की त्याबद्दल विचारा. नाही म्हणाले तर आग्रह धरू नका, महिन्याभराने पुन्हा जा.